स्टेलारिस, एंडलेस स्पेस २ की एफटीएल : पावसाळ्यासाठी एका खेळाची निवड

आषाढ लागला की फोंड्यातील आमच्या वाड्यावर संध्याकाळी बाहेर पडणे थांबते आणि वीज सलग तीन तास टिकेल याचीही खात्री नसते. अशा दिवसांत माझ्या भाच्याने विचारले की त्याच्याकडे एकाच खेळापुरते पैसे आहेत, तर अवकाशातील डावपेचांचा कोणता संगणकीय खेळ घ्यावा. ‘स्टेलारिस’, ‘एंडलेस स्पेस २’ आणि ‘एफटीएल’ (‘फास्टर दॅन लाइट’, म्हणजे प्रकाशाहून वेगवान) ही तीन नावे त्याने आधीच निवडून ठेवली होती. अवकाश सोडले तर या तिघांत फारसे साम्य नाही, आणि निवड करताना पडद्यावरील झगमगाटापेक्षा आपला वेळ कुठे आणि किती वेळा तुटतो हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने मे २०१६ मध्ये आणलेले ‘स्टेलारिस’ तिघांत सर्वांत विशाल आहे. खेळ २२०० सालापासून सुरू होतो. आपली प्रजाती, तिची मूल्ये आणि राज्यपद्धती आपणच ठरवतो आणि शेकडो ताऱ्यांच्या आकाशगंगेत पहिले संशोधक जहाज सोडतो. हा शोधाचा आरंभीचा टप्पा इतका रंगतो की रात्र कधी सरली ते कळत नाही. मात्र काळ अखंड वाहत असतो, आणि तो हवा तेव्हा थांबवता आला तरी चार दिवसांनी परत बसल्यावर कोणते युद्ध कशासाठी सुरू केले होते हेच आठवत नाही. शिवाय शेवटच्या टप्प्यात लोकसंख्येचा हिशेब वाढत गेल्याने बऱ्यापैकी संगणकही रखडतो. मूळ खेळाची किंमत पाहून निर्णय घेऊ नये, कारण पुढे विकत घ्यायच्या जोडण्यांची यादी लांबलचक आहे. नियमही बदलत राहतात: ताऱ्यांमध्ये प्रवास करण्याच्या सुरुवातीच्या तीन पद्धतींपैकी दोन २०१८ च्या मोठ्या सुधारणेत काढून टाकल्या गेल्या, त्यामुळे जुने मार्गदर्शक व्हिडिओ पाहून शिकणारा हमखास गोंधळतो.

‘एंडलेस स्पेस २’ पॅरिसच्या अँप्लिट्यूड या कंपनीचे, २०१७ चे. येथे पाळीपाळीने खेळायचे असते. आपण पुढची पाळी सुरू करेपर्यंत विश्व थांबून राहते, आणि हीच गोष्ट तुटक वेळ असलेल्या माणसाच्या पथ्यावर पडते. त्याची खरी श्रीमंती मात्र निरनिराळ्या जमातींत आहे. लुमेरिस हे व्यापारी नव्या वसाहती थेट पैसे मोजून मिळवतात, अनफॉलन वेली पसरवत ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत पोहोचतात, तर वोड्यानी ग्रहांवर न राहता प्रचंड तारूंमध्ये राहतात; म्हणजे जमात बदलली की अर्धा खेळ नव्याने शिकावा लागतो. लढाईत डावपेचाचे पत्ते निवडून पुढे निव्वळ पाहत बसायचे असते. ताफा स्वतः हाकण्याची हौस असलेल्याने येथे पैसे घालू नयेत.

‘एफटीएल’ दोघाजणांच्या सबसेट गेम्सने २०१२ मध्ये काढले. साम्राज्य नाही, एकच जहाज. आठ विभाग ओलांडायचे आणि मागून बंडखोरांचा ताफा चाल करून येतो. अणुभट्टीची मोजकी शक्ती ढाल, शस्त्रे, इंजिन यांत वाटायची, आणि आतल्या खोलीत आग लागली तर बाहेरची दारे उघडून प्राणवायू घालवून ती विझवायची. खलाशी आत राहिला तर तोही गुदमरतो. लढाई हवी तेव्हा थांबवून विचार करता येतो, पण जहाज फुटले की डाव संपला, जुना डाव परत मिळत नाही. एक डाव साधारण दोन तासांत आटोपतो आणि जुन्यापुराण्या लॅपटॉपवरही निर्वेध चालतो.

भाच्याचा लॅपटॉप वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायचा आहे आणि त्याची बॅटरी तासभरही टिकत नाही, म्हणून त्याला मी ‘एफटीएल’ सुचवले. तिघांत ते स्वस्तही आहे. माझ्यापुरते विचाराल तर मी ‘एंडलेस स्पेस २’ घेईन. ‘स्टेलारिस’ मी चवथीच्या सुट्टीसाठी राखून ठेवतो, तेही आरत्या आणि पाहुणे आटोपल्यानंतर सलग तीन दिवस मिळणार असतील तरच.