जगप्रदक्षिणेसाठी माइल्स कुणाचे जमवावेत? फ्रीक्वेंट फ्लायर योजनांचा परखड आढावा

मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, टोकियो, सिंगापूर आणि पुन्हा मुंबई. हवाई अंतर साधारण २१,६०० मैल. टोकियोऐवजी लॉस एंजेलिसहून ऑकलंड गाठून सिंगापूरला आलात तर २४,६०० च्या आसपास. माइल्स म्हणजे विमानप्रवासावर किंवा कार्डावरच्या खर्चावर मिळणारे गुण, ज्यांतून पुढे तिकीट काढता येतं. ज्या योजना माइल्सवर जगप्रदक्षिणेचं एकसंध तिकीट देतात, त्यांची अंतराची मर्यादा ३५,००० मैल किंवा त्याहून जास्त आहे. म्हणजे अंतर सहसा आड येत नाही. आड येतात ते थांबे (म्हणजे वाटेतले मुक्काम), कनेक्शनं (मुक्काम न करता नुसतं विमान बदलणं) आणि बदलाचे नियम. ‘टोकियोत रमलो तर आणखी दहा दिवस राहू’ असा मोकळा बेत असेल, तर कार्डावर शंभर रुपयांमागे किती माइल्स पडतात हा हिशेब दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न असा: ठरलेलं मोडलं तर किती पैसे जातात, आणि माइल्स परत खात्यात येतात का?

या निकषावर बऱ्याच नावाजलेल्या योजना मागे पडतात.

आधी एक दार बंद झाल्याचं सांगायला हवं, कारण जुन्या लेखांत त्याचं कौतुक अजून वाचायला मिळतं. जपानच्या एएनए मायलेज क्लबचं स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटावरचं जगप्रदक्षिणा तिकीट जून २०२५ मध्ये बंद झालं. बिझनेस क्लासमध्ये इतक्या कमी माइल्सत जग फिरवणारं दुसरं काही नव्हतं. त्या आशेने आता कुणी तिथे माइल्स वळवू नयेत.

एकसंध तिकिटांत आज सर्वांत वाचण्याजोगे नियम आहेत हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकच्या एशिया माइल्सचे. वनवर्ल्ड गटातल्या अनेक कंपन्यांची विमानं एकाच तिकिटात गुंफता येतात आणि दर ठरतो तो एकूण अंतरावरून. कॅथेची विमानं घेतली तर गटातल्या आणखी दोन कंपन्या हव्यात, नाही घेतली तर कुठल्याही दोन पुरतात. पाच थांबे, दोन कनेक्शनं आणि दोन ओपन जॉ, म्हणजे एका गावात उतरून दुसऱ्या गावातून पुढचं विमान धरण्याची मुभा. यात खरी मेख कनेक्शनांची आहे. पाच थांबे ऐकून माणूस खूश होतो आणि मार्ग जुळवताना तिसरं कनेक्शन लागतं तिथे गाडी अडते. मुंबईकरांना बसणारा एक मार्ग असा: मुंबईहून दोहामार्गे लंडन (कतार), लंडन-न्यूयॉर्क (अमेरिकन), न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस (अमेरिकन), लॉस एंजेलिस-टोकियो (जपान एअरलाइन्स), टोकियो-हाँगकाँग आणि हाँगकाँग-मुंबई (कॅथे). पाच थांबे, एकच कनेक्शन, सुमारे २०,६०० मैल. एक कनेक्शन शिल्लक राहतं, ते जागा मिळत नसेल त्या टप्प्यासाठी राखून ठेवावं. उदाहरणार्थ, लॉस एंजेलिसहून थेट टोकियोला जागा नसेल तर डॅलसमार्गे.

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचं वनवर्ल्ड तिकीटही याच जातीचं: ३५,००० मैलांपर्यंत, पाच थांबे, जास्तीत जास्त १६ टप्पे, आणि क्वांटासखेरीज गटातल्या किमान दोन कंपन्या. कनेक्शनांचा जाच इथे नाही, म्हणून इकॉनॉमीतून लांबलचक फिरणाऱ्यांना हे जास्त सोयीचं. ऑगस्ट २०२५ पर्यंत याला इकॉनॉमीत १,३२,४०० आणि बिझनेसमध्ये ३,१८,००० पॉइंट्स लागत; त्या महिन्यात क्वांटासने आपले दर वाढवले. दक्षिण अमेरिका मनात असेल तर क्वांटासचं सिडनी-सँतियागो विमान हा मोठा ऐवज आहे, कारण चिलीची लॅटॅम २०२० मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडल्यापासून त्या खंडातली एकही कंपनी या गटात नाही.

स्टार अलायन्सच्या बाजूला सिंगापूर एअरलाइन्सचं क्रिसफ्लायर आहे. ३५,००० मैल, सात थांबे, १६ टप्पे. अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदा, एकाच दिशेने ओलांडायचे. थांब्यांच्या बाबतीत हे या तिघांत सर्वांत उदार. हे तिकीट वेबसाइटवर होत नाही, फोनवर बसून टप्प्याटप्प्याने बांधावं लागतं. म्हणून प्रत्येक टप्प्याची तारीख, विमान क्रमांक आणि पर्यायी विमान असा तक्ता तयार ठेवूनच फोन लावावा. लुफ्तान्सा आणि स्विस यांच्या टप्प्यांवर जबर इंधन अधिभार लागतो, त्यांऐवजी युनायटेड किंवा एअर न्यूझीलंड मागून घ्यावं. क्रिसफ्लायरची खरी अडचण वेगळीच: इथले माइल्स ३६ महिन्यांनी संपतात, खात्यात हालचाल असो वा नसो. प्रवास कधी होणार हेच ज्याचं ठरलेलं नाही, त्याने इथे आगाऊ साठा करून ठेवू नये. एअर कॅनडाचं एअरोप्लॅन, क्वांटास आणि एशिया माइल्स यांची मुदत १८ महिन्यांची असली तरी खात्यात छोटीशी भर पडली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. युनायटेडचे माइल्स संपतच नाहीत.

इतकं सांगूनही, बेत खरोखरच मोकळा असेल तर एकसंध तिकीट ही पहिली निवड नाही. कारण तिकिटाच्या रचनेतच आहे. विमान कंपन्या साधारण वर्षभर आधी, ३३० ते ३६० दिवसांपर्यंतच जागा खुल्या करतात. आठ महिन्यांच्या प्रवासाचं तिकीट चार महिने आधी काढायला बसलात तर शेवटच्या टप्प्यांची विमानं अजून विक्रीलाच आलेली नसतात. मग खोटी तारीख टाकून तिकीट काढायचं आणि पुढे सरकवत न्यायचं. पैसे देऊन घेतलेल्या तिकिटात हे चालतं. माइल्सच्या तिकिटात सरकवायलाही त्या दिवशी अवॉर्ड जागा, म्हणजे माइल्सवर देण्यासाठी ठेवलेली जागा, शिल्लक असावी लागते, आणि बहुतेक योजनांत पहिलं विमान उडालं की मार्ग गोठतो, फक्त तारखा बदलता येतात. शिवाय एक टप्पा न कळवता चुकवला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. रोममध्ये मुक्काम वाढवून तिथलं विमान सोडून दिलं, तर टोकियोचं तिकीटही गेलं.

म्हणून आमचा कौल सुट्या एकेरी तिकिटांना, आणि त्यासाठी पहिलं खातं एअर कॅनडाच्या एअरोप्लॅनचं. एकाच एकेरी तिकिटात ४५ हून अधिक भागीदार कंपन्यांपैकी हव्या त्या जोडता येतात, इंधन अधिभार नाही, भागीदाराच्या तिकिटाला ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क, आणि ५,००० जादा पॉइंट्स दिले की वाटेत एक लांब थांबा. मुंबई-इस्तंबूल-न्यूयॉर्क हे तुर्की एअरलाइन्सचं तिकीट काढून इस्तंबूलमध्ये तीन आठवडे राहता येतं आणि ते एकच एकेरी तिकीट मोजलं जातं. एअरोप्लॅनच्या नकाशात भारत युरोप आणि आफ्रिकेबरोबर ‘अटलांटिक’ विभागात येतो हे लक्षात ठेवा; मुंबई-अदिस अबाबा-केप टाउन किंवा मुंबई-फ्रँकफर्ट हे टप्पे विभागांतर्गत धरले जातात आणि अंतर कमी असल्यास स्वस्तात बसतात. एअर कॅनडा आणि युनायटेडच्या विमानांचे दर मात्र मागणीप्रमाणे चढउतार करतात, तेव्हा पॅसिफिक ओलांडताना एएनए, ईव्हीए किंवा एअर न्यूझीलंडच्या जागा आधी पाहाव्यात. आफ्रिकेसाठी इथिओपियन, दक्षिण अमेरिकेसाठी आविआंका आणि कोपा. कठीण कोपऱ्यांत पोहोचवणारा इतका रुंद जाळीदार आधार दुसऱ्या गटाकडे नाही.

दुसरं खातं एव्हिओसचं. ब्रिटिश एअरवेज, कतार, आयबेरिया, फिनएअर आणि एअर लिंगस या सगळ्यांचं चलन एकच, आणि एका खात्यातून दुसऱ्यात फुकट हलवता येतं. इथे प्रत्येक विमानाचा दर वेगळा लागतो, त्यामुळे कनेक्शन असलेल्या मार्गाला एव्हिओस महाग आणि थेट, छोट्या उड्डाणाला स्वस्त. जपानमधली जपान एअरलाइन्सची अंतर्गत उड्डाणं किंवा ऑस्ट्रेलियातली क्वांटासची छोटी उड्डाणं यासाठी उत्तम. ब्रिटिश एअरवेजमधून काढलेलं तिकीट २४ तास आधीपर्यंत माणशी ३५ पौंडांत रद्द होतं आणि एव्हिओस परत येतात. मोकळ्या बेताला यासारखा दिलासा नाही. त्याहून मोकळं युनायटेड: अवॉर्ड तिकीट बदलायला वा रद्द करायला शुल्कच नाही. पण भारतात बसून युनायटेडचे माइल्स जमवणं जड जातं, आणि वाटेत फुकट टप्पा देणारी त्यांची एक्सकर्शनिस्ट सवलत २०२५ मध्ये बंद झाली.

एअर फ्रान्स-केएलएमचं फ्लाइंग ब्लू वाटेतला थांबा विनाशुल्क देतं आणि मुंबईहून पॅरिस-ॲमस्टरडॅमला सोयीचं आहे. पूर्ण फेरीसाठी मात्र त्यांचा स्कायटीम गट तोकडा पडतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एकही कंपनी त्यात नाही. एअर इंडियाचा महाराजा क्लब २०२४ पासून भाड्याच्या रकमेवर पॉइंट्स देतो. देशात नेहमी उडणाऱ्याला ठीक, जगप्रदक्षिणेचा पाया म्हणून नको.

भारतातून हे माइल्स येतात ते मुख्यतः क्रेडिट कार्डांवरून. अमेरिकन एक्सप्रेसवरून एशिया माइल्स, क्रिसफ्लायर आणि ब्रिटिश एअरवेज. एचडीएफसीच्या वरच्या कार्डांवरून क्रिसफ्लायर. ॲक्सिसच्या काही कार्डांवरून एअरोप्लॅन आणि क्वांटास. ॲक्सिसने भागीदारांचे दोन गट पाडून वर्षाला किती पॉइंट्स वळवता येतील याची मर्यादा घातली आहे, आणि एअरोप्लॅन कमी मर्यादेच्या गटात आहे; तेव्हा तिथली भर दोन कॅलेंडर वर्षांत विभागून करावी. बँकेचे पॉइंट्स एकदा विमान कंपनीत गेले की परत येत नाहीत. जागा डोळ्यांनी दिसल्याशिवाय वळवू नयेत. आणि वळवायला काही ठिकाणी मिनिटं लागतात तर काही ठिकाणी दिवस, तेवढ्यात जागा जाऊ शकते. म्हणून त्या मार्गाचा दुसरा दिवसही हेरून ठेवावा. तिकीट आईवडिलांसाठी काढायचं असेल तर क्रिसफ्लायरमध्ये आधी त्यांची नावं लाभार्थी म्हणून नोंदवावी लागतात, आणि ती यादी पाच जणांचीच असते.

पैसे देऊन जगप्रदक्षिणेचं तिकीट घेणाऱ्यांचा प्रश्न उलटा आहे: उडताना मिळणारे माइल्स कुठे टाकायचे? वनवर्ल्ड एक्सप्लोरर तिकीट खंडांवर मोजतात, १६ टप्प्यांपर्यंत, एका खंडात चार आणि उत्तर अमेरिकेत सहा. दोहा त्यांच्या हिशेबात युरोपात धरतात, हे मुंबईहून निघणाऱ्याने आधीच मोजावं. रेल्वेने किंवा बसने पार केलेला टप्पाही सोळामध्ये मोजतात. या तिकिटाची बुकिंग अक्षरं, म्हणजे भाड्याचा वर्ग दाखवणारी अक्षरं, इकॉनॉमीला एल, बिझनेसला डी आणि फर्स्टला ए अशी असतात. प्रत्येक योजनेच्या भागीदार-तक्त्यात आपल्या अक्षरासमोर अंतराच्या किती टक्के माइल्स आहेत ते कंपनीगणिक पाहावं. इकॉनॉमीचं एल अक्षर काही तक्त्यांत तुटपुंजे माइल्स देतं. सोळा टप्पे तीन खात्यांत विखुरले की एकातूनही तिकीट निघत नाही, म्हणून सगळ्या टप्प्यांना एकच सदस्य क्रमांक लावावा. भाडं कुठल्या देशातून निघता त्यावर ठरतं. मुंबईबरोबर कोलंबोचा दरही काढून पाहावा.

करांचं एक: ब्रिटनमधून लांबचं विमान धरलं की तिकीट माइल्सचं असलं तरी प्रस्थान कर द्यावा लागतो. अमेरिकेसारख्या अंतराला २०२५-२६ मध्ये तो इकॉनॉमीत ९० आणि बिझनेसमध्ये २१६ पौंड होता. लंडन पाहून युरोस्टारने पॅरिसला जावं आणि तिथून अटलांटिक ओलांडावा, हा कर वाचतो. व्हिसाचंही तितकंच महत्त्वाचं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, कारण तिथे इमिग्रेशन न ओलांडता कनेक्शन घेण्याची सोय नाही. पॅसिफिक ओलांडण्याचा पर्याय निवडण्याआधी हे पाहावं, माइल्स वळवून झाल्यावर नव्हे.

आणि खातं उघडताना नाव. महाराष्ट्रातल्या कितीतरी पासपोर्टांवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव त्याच रकान्यात असतं. तिकिटावर ते पासपोर्टप्रमाणे जोडून येतं आणि खात्यात नुसतं पहिलं नाव असेल तर माइल्स जमा होताना अडकतात. खातं पासपोर्टवरच्या अक्षरन् अक्षर नावाने उघडावं. लग्नानंतर पासपोर्ट बदलणार असेल तर खात्यातलं नाव आधी कागदपत्रं पाठवून बदलून घ्यावं, आणि प्रत्येक बोर्डिंग पासचा फोटो माइल्स खात्यात दिसेपर्यंत जपून ठेवावा. राहिलेले माइल्स मागायला बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभराचीच मुदत असते.