जहाजावरचा कापोग्रोस्सी घ्यावा की ओब्यूसाँचा मातेगो?

भिंतभर अमूर्त टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र हवं, तेही १९५०-६०च्या दशकांतलं, आणि लिलावात उतरायची तयारी आहे, तर या दोन नावांत तुमची ओढाताण होणार.

जुझेप्पे कापोग्रोस्सी रोमचा. १९५०च्या सुमारास त्याने माणसं-देखावे सोडले आणि फणीच्या दातांसारखी एकच खूण पुढे आयुष्यभर फिरवून फिरवून वापरली. जिनोआजवळच्या नेर्व्हीतल्या ‘मीटा’ या विणकाम कारखान्याने त्याच्या आराखड्यांवरून ‘लिओनार्दो दा विंची’ जहाजासाठी टॅपेस्ट्री विणल्या. बुडालेल्या ‘आंद्रेआ दोरिया’च्या जागी हे जहाज १९६० साली न्यूयॉर्कच्या फेऱ्यांवर आलं. कापोग्रोस्सीची खूण जहाजाच्या सलूनच्या, म्हणजे बैठकीच्या दालनाच्या दुसऱ्या टोकावरूनही ठसठशीत दिसते. छोट्या खोलीत मात्र ती अंगावर येते.

मात्यू मातेगो जन्माने हंगेरीचा, नाव केलं फ्रान्समध्ये. आधी भोकं पाडलेल्या पत्र्याचं फर्निचर, मग टॅपेस्ट्री. टॅपेस्ट्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या ओब्यूसाँ या फ्रेंच गावातल्या ताबार कार्यशाळेत विणलेल्या त्याच्या कामात एका रंगाआडून दुसरा डोकावतो. जवळ बसून बघायचं काम. माझा कल इकडे आहे, आणि त्याला व्यवहारी कारणही आहे.

पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या तिल्लीवरून (छोट्या रिळावरून) आपल्या जागेपुरताच फिरतो, ओब्यूसाँतही तेच. पण पैठणी दोन्हीकडून सारखी, तर ओब्यूसाँचा विणकर उलट्या बाजूने विणतो आणि धाग्यांची टोकं मागे राहतात. म्हणून कोपरा उचलून बघाच. मागचा लाल गडद आणि पुढचा विटका असेल, तर उन्हाने रंग खाल्लाय. भाव पाडून मागा. तिथेच शिवलेली कापडी पट्टी शोधा, तिला ‘बोलद्यूक’ म्हणतात. तीवर शीर्षक, माप, कार्यशाळा, प्रतीचा क्रमांक आणि चित्रकाराची सही असते. एका आराखड्याच्या अनेक प्रती विणता येतात, पण फ्रेंच करनियमांत आठ प्रतींपर्यंतच मूळ कलाकृती धरतात, त्यामुळे क्रमांकाला महत्त्व आहे.

कापोग्रोस्सीच्या बाबतीत खरा प्रश्न जहाजाचा. ‘जहाजावरची’ म्हटलं की किंमत चढते. सलूनचा जुना फोटो किंवा आधीच्या मालकांचे कागद दाखवता येत नसतील, तर त्या शब्दाचे पैसे देऊ नका.

लोकरीला कसर लागते, त्यातून मुंबईची दमट हवा. दोन्हींपैकी काहीही घ्या, भिंतीपासून थोडं सुटं टांगा.

कागदांसकट ‘लिओनार्दो’वरचा तुकडा मिळाला आणि समोर वीसेक फूट मोकळी जागा असेल, तर मात्र मातेगो सोडून तोच घ्या.