साइटवरची शाळा: डोअर स्टेप स्कूलबद्दल एका सेफ्टीवाल्याचा अभिप्राय

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट घाला, बेल्ट अडकवा, डक्टवर जाळी मारा, असं दिवसभर ओरडत फिरणारा माणूस. वाघोली, उंड्री, ताथवडे अशा पुण्याच्या कडेकडेच्या साइटवर काम केलंय. शिक्षणातलं मला कळतं असा दावा नाही. साइटवरची पोरं हा माझ्यासाठी सेफ्टीचा विषय होता आणि अजूनही आधी तोच आहे. क्युरिंगच्या म्हणजे काँक्रीटवर मारायच्या पाण्याची टाकी, लिफ्टचा खड्डा, रिव्हर्स येणारा ट्रान्झिट मिक्सर म्हणजे काँक्रीटची गाडी, जमिनीतून वर आलेल्या सळ्या. आई घमेलं घेऊन स्लॅबवर, बाप सेंट्रिंगला, आणि चार वर्षांचं पोर खाली वाळूच्या ढिगावर. पोरांना साइटवर यायची बंदी केली, तर ती मजुरांच्या कॅम्पमध्ये एकटी. तिथे पत्र्यावरून लोंबणाऱ्या वायरी आणि बादलीत सोडलेला हीटरचा रॉड. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधी मजुरांना सेफ्टीचं सांगायच्या बैठकीत, याला उत्तर नसतं.

म्हणून आमच्या एका साइटवर डोअर स्टेप स्कूलचं केंद्र सुरू झालं, तेव्हा माझी अपेक्षा एवढीच होती की पोरं काही तास एका जागी बसतील. ती अपेक्षा पहिल्या आठवड्यातच पुरी झाली. हा अभिप्राय लिहितोय तो त्यापुढे जे बघितलं त्यासाठी, आणि मुख्यतः माझ्यासारख्या साइटवाल्यांसाठी. आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना वाटतं की ही मंडळी येऊन पोरांकडून कविता म्हणवून घेतात आणि दिवाळीला खाऊ वाटतात.

संस्था मूळची मुंबईची. निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवणाऱ्या रजनी परांजपे आणि त्यांच्या विद्यार्थिनी बीना लष्करी यांनी १९८८ साली कफ परेडच्या झोपडपट्टीतून काम सुरू केलं. पुण्यात १९९३ पासून. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने त्याच्या दारात जायचं, हा नावातलाच विचार. पुण्यात दारं बदलत राहणारी माणसं सगळ्यात जास्त कुठे, तर बांधकामावर. त्यामुळे इथलं त्यांचं काम साइटच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये वाढलं. फुटपाथवर आणि सिग्नलजवळ राहणाऱ्या मुलांसाठी बसमध्ये भरणारा वर्ग, म्हणजे त्यांची फिरती शाळा, अनेकांनी रस्त्यावर पाहिली असेल.

आमच्याकडचं केंद्र म्हणजे कॅम्पच्या कडेची एक पत्र्याची खोली. सतरंजी, फळा, दोरीला टांगलेली अक्षरांची कार्डं, कोपऱ्यात पुस्तकांची पेटी. शिकवायला येणाऱ्या ताई जवळच्याच वस्तीतल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मुलं गोळा केली नाहीत, वही घेऊन कॅम्पमधल्या एकेका खोलीसमोर उभ्या राहिल्या. कोणाची किती मुलं, वय काय, गावाकडे शाळेत नाव आहे का, पुस्तक वाचता येतं का, इथे किती दिवस राहणार. आमच्या हजेरीपत्रकावर मजुरांची संख्या होती. त्यांच्या पोरांची संख्या साइटवर कोणालाच माहीत नव्हती. मलाही ती त्या वहीतूनच कळली, आणि मग मी माझ्या रजिस्टरला एक पान वाढवलं. आता नवीन टोळी आली की मुकादमाकडून मुलांची नावंही घेतो. सेफ्टीच्या दृष्टीने त्याचा जो उपयोग होतो तो कुठल्याही पोस्टरचा होत नाही.

वर्गाबद्दल फार लिहीत नाही. लहानांना गाणी, चित्रं, मणी ओवणं. मोठ्यांना अक्षरं, शब्द, बेरीज-वजाबाकी. भर वाचनावर. एकाच खोलीत कलबुर्गीकडची कन्नड बोलणारी, छत्तीसगडची, बिहारची आणि आमच्या लातूर-नांदेडची पोरं. ताई मराठीत सुरू करायच्या, हिंदीत समजवायच्या आणि कन्नडसाठी एका मोठ्या मुलीला पुढे करायच्या. चालायचं ते. पण छत्तीसगडच्या मुलाने इथे मराठी बाराखडी गिरवून सहा महिन्यांनी गावी परत जायचं, याचा उपयोग किती, हा प्रश्न मला पडतो आणि तो संस्थेच्या हातातला नाही. अंक आणि पुस्तक हातात धरायची सवय सोबत जाते, एवढं म्हणता येईल.

खरी सेवा, म्हणजे ज्यासाठी मी या लोकांना पूर्ण मार्क देईन, ती खोलीच्या बाहेरची आहे. मुलाला महापालिकेच्या शाळेत घालणं आणि तिथे टिकवणं. हे काम फोटोत दिसत नाही. त्यात रिक्षाने हेलपाटे असतात, मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेरचा बाक असतो आणि जन्माच्या दाखल्यावरून घातलेली हुज्जत असते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात साफ लिहिलंय की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. कायदा असा आहे. प्रत्यक्षात एका शाळेत (नाव घेत नाही) आमच्या साइटच्या मुलांना सांगितलं गेलं की आधार कार्ड आणा, ऑनलाइन नोंद होत नाही. आई-बापाने तिथूनच परत यायचं असतं, कारण दुसऱ्यांदा जायचं म्हणजे आणखी एक खाडा आणि आणखी एका दिवसाची मजुरी. ताई मात्र परत गेल्या. पुढच्या वेळी सोबत संस्थेच्या एक मोठ्या मॅडम होत्या आणि कायद्याच्या त्या कलमाची झेरॉक्स होती. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. टेबलावर कागद ठेवला आणि बसून राहिल्या. नावं दाखल झाली. आमचा लायझनिंगवाला प्लॅन पास करून घ्यायला ज्या चिकाटीने बसतो ना, तीच चिकाटी, फक्त पाकीट न देता.

नाव दाखल झालं की पुढचा प्रश्न शाळेच्या बसचा. शाळा लांब, मधे हायवे. सात वर्षांच्या मुलाला तो ओलांडू द्या म्हणायची माझी तर हिंमत नाही. साइटच्या गेटवरून गाडी न्यायची आणि दुपारी आणून सोडायची, सोबत एक बाई. गाडी यायच्या आधी ताई कॅम्पमध्ये फिरून झोपलेल्यांना उठवायच्या. बाजाराच्या दिवशी आणि खर्ची वाटप (मजुरांना खर्चाला उचल) असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरी पडायची, हे त्यांना पाठ होतं. त्या दिवशी त्या लवकर यायच्या. एखादं मूल सलग दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी त्या आईला गाठायला थेट लिफ्टपाशी. मी त्यांना जादा हेल्मेट देऊन ठेवलं होतं.

एका गोष्टीवर माझं मन अजून ठरत नाही. कायद्याप्रमाणे मुलाला वयानुसार इयत्तेत बसवायचं. म्हणजे कधीच शाळा न पाहिलेला दहा वर्षांचा पोरगा थेट चौथी-पाचवीत. त्याला विशेष प्रशिक्षण द्यावं असंही कायदा म्हणतो, आणि साइटवरचा संध्याकाळचा वर्ग बऱ्याच अंशी तेच काम करतो. तरीही त्या पोराला वर्गात 'ढ' म्हणून चिडवतात, आणि हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. दुसरीकडे, त्याला पहिलीतल्या चिमुरड्यांत बसवलं तर तो दोन दिवसांत पळून येईल हेही खरं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "सर, वाचायला लागला की चिडवणं थांबतं. तोवर मी आहे." काही पोरांच्या बाबतीत थांबलं.

आता मर्यादा. सगळ्यात मोठी म्हणजे स्थलांतर. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. आमच्या टोळ्या सुगी आटोपून दिवाळीनंतर येतात. छठला आणि होळीला बिहारचा कॅम्प रिकामा. स्लॅब संपले की सेंट्रिंगवाले गेले, प्लास्टरवाले आले. पोरंही तशीच बदलली. वर्षाच्या आत निम्मा वर्ग नवा. गाव सोडताना मुलासोबत शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या ठिकाणी शाळेत घेतलं जावं म्हणून कार्ड, द्यायची योजना आपल्या राज्यात आहे, पण आमच्या कॅम्पमध्ये ते कार्ड दाखवणारे आई-बाप मला क्वचितच भेटले. संस्थेची माणसं जाणाऱ्या कुटुंबाचा फोन नंबर घेऊन ठेवतात आणि पुण्यातच दुसऱ्या साइटवर गेलं असेल तर तिथल्या शाळेशी जोडायचा प्रयत्न करतात. कुटुंब पुणे सोडून गेलं की धागा बहुतेक वेळा तुटतो. याचा दोष संस्थेला देणं म्हणजे पाऊस आला म्हणून वॉटरप्रूफिंगवाल्याला धरण्यासारखं आहे. पण देणगी देणाऱ्याने हे माहीत असून द्यावं. इथे 'आम्ही इतकी मुलं घडवली' असा सरळ हिशोब निघत नाही.

दुसरी अडचण तान्ह्यांची. नऊ-दहा वर्षांची मुलगी वर्गाच्या दाराशी उभी राहते, कडेवर धाकटा. तिला बसायचं असतं. धाकट्याची सोय नसेल तर मोठीची शाळा होत नाही, हे कॅम्पमध्ये एक आठवडा काढला की कोणालाही कळतं. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं होतं. दिल्लीत मोबाइल क्रेश या संस्थेने तर १९६९ मध्येच, मीरा महादेवन यांच्या पुढाकाराने, बांधकामावर पाळणाघर चालवून दाखवलं होतं. आणि आपल्याकडे काय होतं? कामाचे इतके उपठेकेदार पाडतात की कुठल्याच एकाच्या मस्टरवर पन्नास बायका दिसत नाहीत. बायका मात्र स्लॅबवर दिसतात. साइटवर शाळा आणायचं ठरवत असाल तर पाळणाघराचं त्याच बैठकीत बोला. नाहीतर मोठ्या मुली दारातच राहतील.

तिसरं, चौदा वर्षांनंतरचं. शिक्षण हक्क कायद्याची हमी साधारण तिथे संपते, उशिरा शाळेत घातलेल्या मुलाला फार तर आठवी पूर्ण होईपर्यंत. पोरगा सातवी-आठवीत असतो, उंची वाढलेली असते आणि एका सुटीत तो बिगारी म्हणून उभा राहतो. काही टोळ्यांत वय चौदा झालं की आधार कार्डावर एकदम अठरा होतात, हे आपण सगळे जाणतो आणि बघून न बघितल्यासारखं करतो. माझ्या गेटवर मी अडवतो. पलीकडच्या गेटवर तो आत जातो.

आता पैशांचं. मी ज्या बिल्डरांकडे काम केलं त्यांच्यापैकी एकाने सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, नावाखाली केंद्राला रंगीत भिंती, कार्टूनची चित्रं आणि दप्तरं दिली. फोटो निघाले, फ्लेक्स लागला. आणि बसच्या डिझेलचा विषय निघाला तेव्हा 'पुढच्या क्वार्टरला बघू'. दप्तरं महिन्याभरात सिमेंटच्या धुळीत गेली. देणगी द्यायची असेल तर ताईंचा पगार आणि गाडीचा खर्च यासाठीच आहे असं सांगून द्या. वाटपाच्या वस्तू द्यायचा मोह होत असेल तर एक दिवस गाडीत बसून शाळेपर्यंत जाऊन या. पैसे नसतील तरी चालतं. साइट, वीटभट्ट्या, मजूर नाके पालथे घालून शाळाबाह्य मुलांची मोजणी करायला ही संस्था साध्या नागरिकांनाही सोबत घेते. आमच्या ऑफिसमधली दोन पोरं एका रविवारी गेली होती. घरापासून दोन गल्ल्यांवरच्या कॅम्पमध्ये इतकी मुलं आहेत हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

साइटवाल्यांना सरळ सांगतो, कोणाची परवानगी लागेल म्हणून थांबू नका. प्रोजेक्ट मॅनेजर हो म्हणाला की पुढचं संस्था बघते. आपल्याकडून लागतं ते असं: कोरडी खोली, एक पंखा, दोन ट्यूब, पिण्याचं पाणी आणि जवळ मुलींना वापरता येईल असा संडास. खोली बॅचिंग प्लांटच्या (काँक्रीट बनवायच्या यंत्राच्या) आणि सळया कापायच्या मशीनच्या बाजूला देऊ नका, आवाजात ताईंचा घसा जातो. ताईंच्या गेटपासचं रोज नव्याने नाटक नको, एकदाच कार्ड करून द्या. मुकादमाला विश्वासात घ्या. तो नाही म्हणाला तर पोरं येत नाहीत, मग भिंती कितीही रंगवा. आणि हे सगळं कॅम्पचा नकाशा काढतानाच करा. एकदा पत्रे ठोकून झाले की खोलीला जागा उरते ती जनरेटरच्या मागे, आणि गेटपाशी बस वळायला जागा उरतच नाही.