झोपेत श्वास अडकतो: सीपॅप मशीन घ्यावं की माउथपीस?

झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात. स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की आधी एएचआय बघा. झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा थांबला किंवा अर्धवट अडला, त्याचा हा आकडा. प्रत्येक अडथळा किमान १० सेकंदांचा असला तरच तो मोजला जातो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी घसा मिटतो, ऑक्सिजन उतरतो आणि श्वास सुरू करण्यासाठी मेंदूला झोप मोडावी लागते. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. माहीत असतं ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला.

म्हणून ‘घोरतात थोडं, वय झालं’ म्हणून विषय सोडू नका. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी आटोक्यात येत नाही, त्यांच्यात हा आजार फार सापडतो. सकाळी डोकं जड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, गाडी चालवताना डुलकी, ही त्याचीच लक्षणं. हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

आता निवडीकडे. सीपॅपची कल्पना सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडली: नाकावाटे सतत हवेचा दाब द्यायचा, म्हणजे घसा मिटतच नाही. दाब नीट ठरवलेला असेल, तर एएचआय बहुतेकांचा पहिल्याच रात्री ५ च्या आसपास येतो. तीव्र आजारात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. प्रश्न आहे तो मास्क चेहऱ्यावर टिकण्याचा. मास्क मापाचा नसला तर हवा डोळ्यांत जाते, नाकावर वळ उठतो. तोंड उघडं राहिलं की घशाला कोरड पडते. यातल्या बऱ्याच तक्रारी मास्क बदलून किंवा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं भांडं) लावून सुटतात, पण विकणारा माणूस पुन्हा घरी येऊन ते बघेल का, हे आधीच विचारा. लाइट जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरही लागेल. मशीन भाड्याने मिळत असेल तर आधी भाड्यानेच घ्या.

माउथपीस डेंटिस्ट तुमच्या दातांचे ठसे घेऊन बनवून घेतो. वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक कवच बसतं, आणि छोटा स्क्रू फिरवत खालचा जबडा आठवड्या-आठवड्याने किंचित पुढे आणला जातो. त्यामुळे जीभ मागे पडत नाही. वीज नाही, आवाज नाही, प्रवासात डबीत मावतं. पण एएचआय सरासरी निम्म्यावरच येतो, काहींना जवळपास उपयोगच होत नाही, आणि कोणाला होणार नाही हे आधी खात्रीने सांगता येत नाही. पूर्ण कवळी असेल तर हा पर्याय बाद. काही वर्षांत वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण थोडी बदलू शकते. ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून चावायचे माउथपीस मी कोणालाच सुचवणार नाही.

कागदावर मशीन सरळ जिंकतं. पण २०१३ मध्ये सिडनीच्याच एका चाचणीत लोकांनी दोन्ही उपाय एकेक महिना वापरले. एएचआय मशीनवर ४.५, माउथपीसवर ११.१. वापर मात्र मशीनचा रात्री ५.२ तास, माउथपीसचा ६.५. रक्तदाब आणि दिवसाची झोपाळू अवस्था यांत माउथपीस मागे पडलं नाही. हिशेब करून बघा. तुमचा एएचआय ४० आहे. आठ तासांपैकी चार तास मास्क लावला आणि तेवढा वेळ आकडा ४ वर आला, तर रात्रीची सरासरी २२. माउथपीस आठही तास राहिलं आणि आकडा निम्मा झाला, तर २०. शिवाय स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि अनेकांचा श्वास तिच्यातच सर्वांत जास्त अडतो. तीन वाजता मास्क काढून ठेवणारा माणूस नेमके तेच तास उघडे टाकतो.

हृदयाबाबत स्पष्ट बोलायला हवं. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७१७ रुग्णांच्या ‘सेव्ह’ चाचणीत (२०१६) सीपॅपने पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. वापर सरासरी रात्री ३.३ तासच होता. झोपाळूपणा, मनःस्थिती आणि रोजचं जगणं मात्र सुधारलं. तेव्हा ‘मशीन लावा, अटॅक टळेल’ असं कोणी विकत असेल, तर त्यावर पैसे मोजू नका. दिवसा जागं राहता येतं, एवढं कारण पुरेसं आहे.

वजन जास्त असेल तर या दोन्हींच्या जोडीला ते उतरवणं आलंच. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपटाइड इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या मध्यम ते तीव्र स्लीप अॅप्नियासाठी मान्यता मिळाली. पण वजन उतरायला महिने लागतात, तोवर रात्री उघड्या सोडायच्या नाहीत. ऑपरेशन मोठ्यांसाठी निवडक. लहान मुलांत मात्र टॉन्सिल आणि अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) काढणं हाच बहुधा पहिला उपाय.

माझं मत: एएचआय ३० च्या वर, ऑक्सिजन खूप खाली जाणारा, किंवा पेशा गाडी चालवण्याचा असेल तर मशीनच घ्या आणि त्याला नेटाने तीन महिने द्या. आकडा त्याखाली, दात शाबूत आणि अंग फार जाड नसेल, तर माउथपीसने सुरुवात करायला हरकत नाही. मशीन घेतलंत तर महिन्याने त्यातला डेटा डॉक्टरांना दाखवा: वापराचे तास, मास्कमधून होणारी गळती, उरलेला एएचआय. माउथपीस घेतलंत तर ते लावून पुन्हा स्लीप स्टडी करा. घोरणं थांबलं एवढ्यावर विसंबू नका, कारण आवाज बंद होऊनही श्वास अडत राहू शकतो.