वही, पेटी की गोष्ट? मुलांना इंग्रजी शब्द शिकवायचे तर

"बाई, कॅन यू बॉरो मी युवर पेन?" माझ्या शिकवणीतल्या सातवीच्या मुलाने विचारलं. मी त्याची वही उघडली. बॉरो म्हणजे उसने घेणे, त्याच्याच खाली लेंड म्हणजे उसने देणे. अक्षर सुरेख, शेजारी लाल पेनाने माझीच बरोबरची खूण. त्याच्या डोक्यात दोन्ही शब्दांसमोर फक्त 'उसने' उरलं होतं.

हे लिहितेय ते मराठी माध्यमातल्या पाचवी ते आठवीच्या मुलांना घरी किंवा शिकवणीत इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी. व्याकरणाचं सध्या बाजूला ठेवू. शब्द कसे द्यायचे, एवढंच ठरवायचंय. माझ्यापुढे तीन वाटा होत्या: शब्दार्थाची वही, कार्डांची पेटी आणि गोष्टींची पुस्तकं. तिन्ही वापरून झाल्या आहेत.

एक गोष्ट आधी. आपली मुलं कोऱ्या पाटीने येत नाहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, आणि चार्जर, पंक्चर, सिग्नल, रिचार्ज हे शब्द तर शाळेच्याही आधी घरात येतात. हे भांडवल फुकटचं, फक्त त्याचे अर्थ आपल्याकडे जरा सरकलेले. आपण हॉटेलात मिसळ खातो, इंग्रजीतल्या हॉटेलात लोक मुक्कामाला जातात. आपल्याकडे 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली. असे शब्द मी पहिल्याच आठवड्यात काढते. मुलांना मजा येते आणि 'आपल्याला इंग्रजी येतं' हा धीरही येतो.

आता वही. तिला नावं ठेवणाऱ्यांचं एक म्हणणं असतं, की इंग्रजीच्या तासाला मराठी बंद, अर्थही इंग्रजीतूनच सांगा. मला ते पटत नाही. 'जेलस' हा शब्द इंग्रजीतून समजावताना आणखी चार अवघड शब्द लागतात. 'मत्सरी' किंवा सरळ 'जळणारा' म्हटलं की एका सेकंदात काम होतं. वहीचा दोष मराठीत नाही, तिच्या रचनेत आहे. मूल शब्द ओळीच्या जागेवरून लक्षात ठेवतं. वरून खाली विचारा, धडाधड सांगेल. मधूनच विचारलं की अडेल. शिवाय वही उघडली की शब्द आणि अर्थ दोन्ही समोर असतात, आठवावं लागतच नाही. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं होतं. आणि वहीत आपण हौसेने जोड्या लिहितो: विरुद्धार्थी शब्द, सगळे रंग, सगळी नाती एका पानावर. छापलेलं छान दिसतं, पण जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकदम दिले तर ते एकमेकांत मिसळतात. बॉरो आणि लेंडचं तेच झालं. चूक मुलाची नव्हती, माझी होती.

पेटीची कल्पना जर्मनीतले पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केली. तिच्यामागचा विचार त्याहून जुना. पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरतं, हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं. म्हणून उजळणी विसरायच्या बेताला यावी. चपलांचा रिकामा खोका घ्यायचा, पुठ्ठ्याचे पाच कप्पे करायचे. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. माझ्याकडे पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने उघडतो. दिवसाला नवे शब्द आठच. एकदा हावरटपणा करून वीस दिले, तर चौथ्या दिवशी पहिला कप्पा फुगून खोक्याचं झाकण बसेना आणि मुलं पेटी घरीच 'विसरून' यायला लागली.

हेच काम मोबाइलवर अँकी नावाचं अ‍ॅप करतं. ते २००६ पासून आहे, अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट, आयफोनवर विकत. तारखांचा हिशेब तेच ठेवतं. पण माझ्या मुलांच्या घरी मोबाइल एकच, तोही आईबरोबर संध्याकाळी सातला घरी येतो. आणि एकदा हातात आला की कार्डं राहतात बाजूला. नववी-दहावीच्या पुढे किंवा मोठ्यांसाठी अँकी उत्तम. पाचवीला खोकाच बरा.

पेटीची खोट अशी, की कार्डावर एकटा शब्द लिहिला तर तो एकटाच राहतो. मूल मग मराठी वाक्याच्या साच्यात इंग्रजी शब्द बसवतं. 'माझ्यावर रागावला'चं 'अँग्री ऑन मी' होतं. 'थंडी वाजते'मधलं 'वाजते' कसं सांगायचं म्हणून एका मुलीने चक्क 'कोल्ड इज रिंगिंग' लिहिलं होतं. मला ते इतकं आवडलं, की खोडायला हात होईना. तेव्हापासून कार्डावर सुटा शब्द नाही, छोटा तुकडा: 'अँग्री विथ मी', 'आय अ‍ॅम कोल्ड'.

असे तुकडे आपसूक मिळतात ते गोष्टींत. पण त्यासाठी पुस्तक सोपं हवं, अगदी सोपं. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी ब्रिटिश काळात ढाक्याला होते. बंगाली मुलांची इंग्रजी पुस्तकं नव्या शब्दांनी खच्चून भरलेली त्यांना दिसली. त्यांनी बेटासाठीचा जुनाट 'आइल' (isle) काढून 'आयलंड' घातला, 'काही नाही' अशा अर्थाच्या 'नॉट'च्या (nought) जागी 'नथिंग' आणला, आणि नवे शब्द विरळ केले. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी आली. २०१३ मध्ये त्याच धर्तीवर सुमारे २८०० शब्दांची नवी यादी तयार झाली. कुठले शब्द आधी, हे ठरवायला ती नेटवर फुकट मिळते.

सोपं म्हणजे किती? मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला शंभरातले साधारण अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं हू आणि नेशन या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात आढळलं. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. शाळेच्या पुस्तकातला धडा या कसोटीला बहुतेक मुलांच्या बाबतीत उतरत नाही; तो शिकवायचा धडा आहे, रमायची गोष्ट नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर चार पातळ्यांच्या गोष्टी फुकट आहेत, बऱ्याच मराठीतही. सातवीच्या मुलाला पहिली पातळी देताना संकोचू नका. आधी मराठीत वाचू द्या, मग तीच इंग्रजीत. पण नुसत्या गोष्टींवर शब्दसंग्रह वाढेल या भरवशावर राहू नका. एकदा भेटलेला शब्द दुसऱ्या दिवशी ओळख देत नाही, आणि तो पुन्हा कधी भेटेल ते गोष्टीच्या हातात असतं.

मग घ्यायचं काय? परीक्षा महिन्यावर आली असेल तर वहीच काढा, फक्त अर्थाच्या बाजूवर पट्टी ठेवून उलटसुलट विचारा. वर्गात पन्नास मुलं असतील तर प्रत्येकाची पेटी तपासणं होत नाही. तिथे जोड्या लावून एकमेकांना विचारायला सांगता येतं, तेवढ्यावर भागवावं. पण हाताशी चार-सहा मुलं आणि एक-दोन वर्षं असतील, तर मी पेटी घेईन, पहिल्या दोन हजार शब्दांसाठी. त्याच्या जोडीला रोज दहा मिनिटं गोष्ट, पहिल्या दिवसापासून. वही ठेवायची ती कच्चा माल उतरवून घ्यायला.

त्या मुलाला मी 'लेंड मी युवर पेन' एवढंच कार्ड दिलं आणि 'बॉरो' वहीतून खोडून टाकला. लेंड पाचव्या कप्प्यात पोचल्यावरच बॉरोचं कार्ड पेटीत आलं. ते अजून दुसऱ्या कप्प्यात आहे, दोनदा मागे जाऊन आलंय.