बफेलो आणि प्लेन्स गेम एकाच सफारीत: दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, मोझांबिक की टांझानिया?

आफ्रिकेत शिकारीला जायचं मनावर घेतलेला माणूस बहुतेक वेळा दोन इच्छा एका दमात सांगतो: एक बफेलो (आफ्रिकेची रानम्हैस) हवा, आणि सोबत कुडू, इम्पाला, झेब्रा असा थोडा प्लेन्स गेम, म्हणजे हरणं आणि तसे चरणारे प्राणी. सफारी कंपन्याही ही जोडी एकत्रच विकतात. पण खरी गोम या जोडीतच आहे. ज्या मुलखात बफेलो अजून मोकळ्या रानात फिरतो, तिथे बाकीच्या प्राण्यांचे प्रकार मोजके आणि शिकारीचा कोटाही हात आखडून दिलेला. आणि जिथे प्रकारांची नुसती रेलचेल आहे, तिथला बफेलो बहुधा कुंपणाच्या आतला असतो, कुणाच्या तरी मालकीचा. म्हणून देश निवडायच्या आधी एक गोष्ट ठरवा. बफेलोसाठी जायचं आणि जमलं तर इम्पाला, की प्लेन्स गेमसाठी जायचं आणि सोबत बफेलो? उत्तर ज्या बाजूला झुकेल, त्याप्रमाणे देश बदलतो.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्नच उरला नाही. केनियानेही 1977 मध्ये शिकार बंद केली. बोत्स्वानाने 2014 मध्ये बंद करून 2019 मध्ये बंदी उठवली. नामिबियात जेम्सबॉक आणि कुडू उत्तम मिळतात, पण बफेलोची शिकार होते ती मुख्यतः ईशान्येच्या चिंचोळ्या पट्ट्यात. गुरांचे रोग अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या दक्षिणेला बफेलो फारसा नाहीच. त्यामुळे ही जोडी एका सहलीत साधायची तर माझ्या मते खरे पर्याय चार.

दक्षिण आफ्रिका

सोयीच्या बाबतीत या देशाचा हात धरणारा कुणी नाही. जोहान्सबर्गला उतरा, विमानतळावर पोलिसांकडून बंदुकीचा तात्पुरता परवाना घ्या, आणि काही तासांत लिंपोपो प्रांतातल्या कॅम्पवर पोचा. सहा-सात दिवसांत बफेलो आणि तीन-चार प्रकार आरामात होतात. इम्पाला, कुडू, ब्लू वाइल्डबीस्ट, ब्लेसबॉक, न्याला, वॉर्टहॉग, जेम्सबॉक, एलांड अशी यादी वाढतच जाते. ईस्टर्न केपमध्ये मलेरिया नाही, त्यामुळे मुलांना घेऊन जाणाऱ्यांना तो प्रांत बरा. सगळ्या खर्चाचं पॅकेज ठरवून मिळतं, आणि चौघांत हाच देश सहसा स्वस्त पडतो.

हे जमलं कसं, ते समजून घ्यायला हवं. 1991 च्या एका कायद्याने, नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क पक्का झाला. गुरं पाळणारे शेतकरी मोठ्या संख्येने वन्यप्राण्यांकडे वळले. क्रुगर राष्ट्रीय उद्यानातल्या बफेलोंमध्ये लाळ्या-खुरकताचे विषाणू असतात, म्हणून ते बाहेर हलवता येत नाहीत. रोगमुक्त कळपांना मग सोन्याचा भाव आला. 2012 मध्ये, पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिरिल रामाफोसा यांनी एका बफेलो गायीसाठी आणि तिच्या वासरासाठी लिलावात 1 कोटी 95 लाख रँडपर्यंत बोली लावली, आणि एवढ्या गरीब देशात एवढी बोली लावल्याबद्दल नंतर माफीही मागितली. बाजार कुठे पोचला होता, ते यावरून लक्षात येतं.

याचा शिकाऱ्याशी संबंध असा की फार्मवरचा रेडा कित्येकदा शिंगांच्या लांबीसाठी वाढवलेला आणि किंमत लावलेला असतो. मागच्या महिन्यात ट्रकमधून आणून सोडलेलाही असू शकतो. अशा रेड्यावर गोळी झाडायला माझी तरी ना आहे, आणि तुमचीही असावी असं मला मनापासून वाटतं. सगळे फार्म तसे नसतात. काही मालमत्ता दहा-वीस हजार हेक्टरच्या आहेत, तिथे कळप पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले आहेत आणि माणसाचा वास येताच धूम ठोकतात. क्रुगरच्या पश्चिमेला टिंबावाटी, क्लासेरी या खाजगी राखीव क्षेत्रांनी तर 1993 मध्ये उद्यानाबरोबरचं कुंपणच काढून टाकलं. तिथला बफेलो पूर्ण मोकळा असतो, पण कोटा अगदी थोडा.

तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी विचारा: बफेलो असलेला एकसंध भाग किती हेक्टरचा? हा रेडा त्या जमिनीवर किती वर्षं आहे? तिथे गायी-वासरांचा कळप आहे, की नुसते रेडे आणून ठेवलेत? खाद्य घालता का? सरळ उत्तरं आली नाहीत तर सरळ दुसरीकडे वळा.

झिंबाब्वे

बफेलो हेच मुख्य कारण असेल तर माझं मत झिंबाब्वेला, आणि त्यातही झांबेझी खोऱ्याला. मानापूल्स राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेले सापी आणि चेवोरे हे सफारी विभाग मिळून 1984 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पूर्वेला डांडे हा आणखी एक सफारी विभाग. या पट्ट्यात जनावर कुंपणात नसतं. सिंह त्याच्या मागावर असतात, हत्ती वाटेत आडवे येतात, आणि आठ-आठ तास चालूनही रिकाम्या हाताने कॅम्पवर परतावं लागतं.

दिवस कसा जातो ते सांगतो, कारण फार्मवरच्या आणि इथल्या शिकारीतला फरक किंमतपत्रकात दिसत नाही. उजाडायच्या आत गाडी पाणवठ्यांकडे निघते. ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, खाली उतरून ओल्या कडेवरचे खुरांचे ठसे बघतो. गायी-वासरांच्या कळपाच्या खुरांपेक्षा दोन-तीन मोठे, रुंद, जडसर खूर वेगळे निघालेले दिसले, की ते कळप सोडलेले म्हातारे रेडे. चिखलात लोळून अंगावर पोपडे चढलेल्या या रेड्यांना तिथे डग्गा बॉइज म्हणतात. शेणात बोट घालून ऊब पाहिली जाते. शिकार चालवणाऱ्या व्यावसायिक शिकाऱ्याच्या, म्हणजे प्रोफेशनल हंटरच्या, हातात राखेची छोटी पुरचुंडी असते, दर काही मिनिटांनी ती झटकून तो वारा बघतो. मोपानेच्या झाडीत वारा दिवसातून चार वेळा फिरतो, आणि मानेला वारा लागला की तासाभराची मेहनत गेली. शेवटचे शंभर मीटर बसून, रांगत. रेड्याच्या पाठीवरचे ऑक्सपेकर पक्षी ओरडत उडाले, तर रेड्याने माणूस पाहिलेला नसतानाही तो उठून पळतो.

आणि गाठलाच, तरी गोळी लगेच झाडायची नसते. दुर्बिणीतून कपाळ बघायचं. दोन्ही शिंगांच्या बुडाचा जो जाड टोप असतो, त्याला बॉस म्हणतात. रेडा साधारण सात-आठ वर्षांचा झाल्यावर तो पूर्ण टणक होतो. मधल्या फटीत केस किंवा मऊ कातडी दिसली तर रेडा तरुण आहे, अजून कळपाला हवा आहे. शिंगांचा पसारा चाळीस इंच भरला तरी तो सोडायचा. टोकं झिजलेला, कान फाटलेला, टोप गुळगुळीत झालेला म्हातारा मिळाला, तर इंचपट्टीत कमी भरला तरी शिकार तीच खरी. या बाबतीत चांगला हंटर तुमचा हट्ट चालू देत नाही, आणि त्याने तो चालू देऊ नये.

झांबेझी खोऱ्यात प्लेन्स गेम म्हणजे इम्पाला, कुडू, झेब्रा, वॉटरबक, बुशबक, वॉर्टहॉग. बहुतेक जण बफेलो झाल्यानंतरच त्यांच्याकडे वळतात, कारण एका गोळीच्या आवाजाने आसपासचे रेडे दूर जातात. दहा दिवस ठेवा. सातात जमतं, पण मग सातव्या दिवशी घाई होते आणि घाईत तरुण रेडा पडतो.

पैसा कुठे जातो हेही बघा. 1975 च्या कायद्याने खाजगी जमिनीवरचे वन्यप्राणी जमीनमालकाच्या ताब्यात दिले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅम्पफायर कार्यक्रमाने गावठाण भागातल्या जिल्हा परिषदांना शिकारीच्या उत्पन्नात वाटा दिला. तो वाटा गावापर्यंत किती पोचतो याबद्दल तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. पण हत्तींनी मका तुडवला, सिंहाने बैल नेला, तरी गावकऱ्याने विष घालू नये यासाठी त्याच्या हातात काहीतरी पडायला हवं, हे मला पटतं. मांस तर गावात जातंच. रेडा पडला की तासाभरात माणसं जमतात, आणि आतड्यांसकट काही वाया जात नाही.

याच देशात मधला मार्गही आहे. आग्नेयेच्या सखल भागात सावे व्हॅली आणि बुबये व्हॅली ही दोन कॉन्झर्व्हन्सी आहेत. पूर्वी तिथे गुरांचे प्रचंड रँच होते. दुष्काळाने गुरं परवडेनाशी झाली आणि 1990 च्या दशकात जमीनमालकांनी आतली कुंपणं काढून वन्यप्राणी परत आणले. बाहेरून कुंपण आहे खरं, पण आत तीन हजारांहून जास्त चौरस किलोमीटर. सिंह आहेत, गेंडे आहेत. बफेलोही आहे आणि कुडू, एलांड, वाइल्डबीस्ट, झेब्रा, इम्पाला भरपूर. दोन्ही इच्छा खरोखर सारख्याच असतील, तर चारही देशांत मला ही जागा सगळ्यात योग्य वाटते. लिंपोपोपेक्षा खर्च बराच जास्त येतो, तो मान्य करूनच जा.

मोझांबिक

झांबेझीच्या मुखाशी मारोमेऊच्या दलदली आहेत आणि त्यांना लागून सरकारने भाड्याने दिलेले शिकारी विभाग, कुताडा. त्यातला कुताडा 11 नावाजलेला. 1977 ते 1992 च्या यादवी युद्धात इथले कळप मांसासाठी कापले गेले आणि पूर्वीच्या बफेलोंचा अगदी छोटा अंश उरला. आज गवताळ मैदानात पुन्हा शेकड्यांचे कळप दिसतात. शिकारीच्या पैशातून चोरट्या शिकारीविरुद्धची पथकं उभी राहिली, आणि 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 24 सिंह आणून सोडले गेले. ट्रॉफी हंटिंगला, म्हणजे शिंगं-कातडी ठेवण्यासाठी पैसे देऊन केलेल्या शिकारीला, सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हा भाग जरूर बघावा.

शिकार मात्र वेगळ्या धाटणीची. माणसापेक्षा उंच गवत आणि पाणी, म्हणून दलदलीत चालणाऱ्या खास वाहनांतून कळपाच्या जवळ जायचं आणि मग चिखलातून पायी. कळपात डोळे असंख्य, आणि हवा तो रेडा बाकीच्यांच्या आडून मोकळा दिसेपर्यंत थांबावं लागतं. कोरड्या वाळूतला माग काढण्याची ओढ असेल तर इथे मन भरणार नाही. पण सोबतीचे प्राणी देखणे: सेबल, न्याला, लिक्टेनस्टाइन हार्टेबीस्ट, रीडबक, आणि वाळूच्या जंगलात रेड डायकर आणि सुनी. बेइराहून छोट्या विमानाने जावं लागतं, त्याचं भाडं अंदाजपत्रकात वेगळं धरा. पहिल्या सहलीला मी हे सुचवणार नाही, दुसरीला आवर्जून.

टांझानिया

नाव सगळ्यात मोठं आणि बिलही. सेलू अभयारण्य 1922 पासूनचं, 1982 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. 2019 मध्ये त्याच्या मोठ्या भागाचं न्येरेरे राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथली शिकार थांबली. उरलेल्या विभागांत आणि पश्चिमेकडच्या मियोंबो जंगलात आजही खरं अफाट रान आहे. मसाई प्रदेशातले जेरेनुक, लेसर कुडू, थॉमसन गॅझेल दक्षिणेकडच्या देशांत मिळतच नाहीत. पण दिवसाचा दर, सरकारी शुल्क, चार्टर विमान हे सगळं जोडलं की फक्त एक रेडा आणि दोन-तीन हरणांसाठी हा खर्च समर्थनीय वाटत नाही. लांब मुक्काम, दोन-तीन बफेलो आणि मसाई भागही असा बेत असेल तरच टांझानिया.

बंदूक, शिंगं आणि बिल

भारतात मिळणारी .315 स्पोर्टिंग रायफल बफेलोला चालत नाही. झिंबाब्वेच्या नियमात बफेलोसाठी किमान 9.2 मिलिमीटर व्यासाची गोळी लागते, आणि व्यवहारात सगळीकडे .375 (इंचातलं माप) हा तळाचा आकडा मानतात. 1912 मध्ये आलेलं .375 एच अँड एच अजूनही या कामाला उत्तम, आणि तीच रायफल कुडूलाही चालते. इथून बंदूक नेण्याची कागदपत्रं करत बसण्यापेक्षा कॅम्पची भाड्याने घ्या. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी आपलीच न्यावी, हात बसलेला असतो. शिंगं आणि कातडी भारतात आणायचा विचार मात्र सोडा. इथले आयातीचे आणि वन्यजीवांचे नियम कडक आहेत, त्यात अडकू नका.

बिलात दोन गोष्टी आधी वाचा. दिवसाचा दर आणि प्रत्येक प्राण्याची ट्रॉफी फी या वेगळ्या असतात, पॅकेज असलं तरी जादा प्राण्याची फी वेगळी. आणि जखमी होऊन निसटलेल्या प्राण्याचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. रक्ताचा एक थेंब पडला की तो तुमचा. जखमी बफेलो दाट झाडीत शिरला तर त्याच्या मागे जायची वेळ हंटरवर आणि ट्रॅकरवर येते. तेव्हा तिकीट काढण्याआधी काही महिने तीन काठ्यांच्या टेकूवर, उभ्याने, साठ-ऐंशी मीटरवरून त्याच बोअरच्या रायफलने सराव करा. पहिली गोळी गेल्यावर बंदूक खांद्यावरून न उतरवता लगेच बोल्ट ओढून दुसरी झाडायची सवय लावा. त्या ट्रॅकरच्या हातात बहुतेक वेळा काठीशिवाय काही नसतं.