ग्रेडल: नको असलेले जार हटवायला किती कामाचं?

जावा प्रोजेक्टसाठी आपण एक लायब्ररी मागतो आणि तिच्यामागून तिचं सगळं गणगोत, म्हणजे तिला लागणाऱ्या लायब्ररींचे जार (फाइली), क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधतं त्या यादीत) येऊन बसतं. ग्रेडल आणि मेव्हन ही दोन्ही प्रोजेक्ट बांधायची (बिल्ड करायची) साधनं. त्यातलं नको ते बाहेर काढायला ग्रेडल हे मेव्हन 3 पेक्षा उजवं आहे, आणि याचं श्रेय मुख्यतः 'डिपेंडन्सीइनसाइट' या टास्कला जातं. मेव्हनचं 'डिपेंडन्सी:ट्री' कोणाला कोण लागतं याचं झाड दाखवतं. ग्रेडलचा हा टास्क मात्र एकच जार धरून तो कुठल्या वाटांनी आला आणि तीच आवृत्ती का निवडली गेली, हे कारणासकट सांगतो.

एक खाचखळगा आहे. जावा प्रोजेक्टमध्ये कॉन्फिगरेशन (डिपेंडन्सींचा कुठला गट तपासायचा ते) दिलं नाही तर तो फक्त 'कंपाइलक्लासपाथ' तपासतो. रनटाइमलाच येणारा जार तिथे सापडतच नाही आणि सगळं स्वच्छ आहे असं वाटतं. म्हणून '--कॉन्फिगरेशन रनटाइमक्लासपाथ' दिल्याशिवाय उत्तरावर विसंबू नका.

'एक्सक्लूड' (अमुक जार वगळ, ही सूचना) जपून वापरा. एका डिपेंडन्सीवर लावलेलं एक्सक्लूड त्या वाटेपुरतंच असतं; तोच जार दुसऱ्या वाटेने येत असेल तर तो राहतोच. 'कॉन्फिगरेशन्स.ऑल'मध्ये लावलं की सगळीकडून जातो, पण एखाद्या लायब्ररीला त्याची खरंच गरज असली तर कंपाइल बिनबोभाट होतं आणि 'नोक्लासडेफफाउंडएरर' (क्लास सापडत नाही, ही चूक) येतो तो चालू प्रोग्रॅममध्ये.

कॉमन्स-लॉगिंग ही लॉगिंगची लायब्ररी काढून तिच्या जागी चालणारं जेसीएल-ओव्हर-एसएलएफ४जे आणायचं असेल तर 'रिप्लेस्डबाय' पुरत नाही, कारण दोन्ही मॉड्यूल (लायब्ररी) डिपेंडन्सींच्या ग्राफमध्ये असतील तरच ते लागू होतं. सरळ बदली हवी तर 'डिपेंडन्सीसब्स्टिट्यूशन'च लिहा.

आवृत्त्यांचंही भान ठेवा. मेव्हन झाडात सर्वांत जवळची आवृत्ती घेतं, मग ती जुनी का असेना. ग्रेडल सर्वांत वरची घेतं. त्यामुळे ग्रेडलमध्ये साध्या कन्स्ट्रेंटने (आवृत्तीवर घातलेल्या अटीने) आवृत्ती खाली आणता येत नाही, 'स्ट्रिक्टली' लागतं. सोबत 'बिकॉज'मध्ये कारण लिहाच. कारण नसलेली ओळ पुढे कोणी काढायला धजत नाही.

बंदी घालण्यात मात्र मेव्हन सरस. एन्फोर्सर प्लगइनचा 'बॅन्डडिपेंडन्सीज' नियम लावला की नकोसा जार कुठूनही आला तरी बिल्ड तिथेच थांबतं. ग्रेडलमध्ये त्यासाठी कन्स्ट्रेंटवर 'रिजेक्टऑल' लावता येतं. चालतं, पण ते प्रत्येक नकोशा मॉड्यूलला वेगळं लिहावं लागतं.